शेवाळावरचे ठसे

आइसलँडमध्ये थिजलेल्या लाव्हाच्या माळावर मी आणि माझी मुलगी सई डिस्क गोल्फ खेळत होतो. चकती भिरकावून दूरच्या लोखंडी टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. माझी चकती वाट सोडून शेवाळावर पडली.

"बाबा, राहू दे. तिथे पाय ठेवायचा नसतो."

पण चांगली वस्तू टाकून यायची, हे आपल्याला कुठलं जमायला! मी गेलोच. वळून पाहिलं तर त्या मऊ हिरव्या गादीवर माझ्या बुटांचे काळे ठसे. आगीच्या दगडावर इतकं मऊ काही उगवायला किती पिढ्या गेल्या असतील!

मागून एक आजीबाई खेळत आल्या, ठसे पाहून थबकल्या. "कोण गेलं होतं आत?" मी टोपी नीट करू लागलो. सईच पुढे झाली. "आमच्याकडून झालं. माफ करा."

खरं सांगतो, माझ्या चुकांची माफी मी कधी मागितलीच नाही. शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे बायकोच जायची. मी त्याला अबोल स्वभाव म्हणत आलो. आता ते काम मुलीकडे आलंय.

"चल बाबा, चकती टाक आता," सई म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. तिला सवय झाली होती.