चांदवडच्या पोरीचा इप्पॉन

"ए भाजीवाल्या, हात खाली घे! गिऱ्हाइकाला मेथीची जुडी दाखवतोयस काय?"

टेबलामागून साहेब ओरडले. अख्खा हॉल हसला. मी मॅटच्या मधोमध. अंगात पंचाचा कोट, उजवा हात सरळ डोक्यावर. ज्यूदोत पंचाचा हात असा वर गेला की लढत तिथंच संपते. त्याला इप्पॉन म्हणतात. समोरची वेगानं, जोरात, पूर्ण पाठीवर पडली पाहिजे. पडली होती. चांदवडच्या पोरीनं तिला आतल्या मांडीवर उचलून अशी आपटली, की आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

पडलेली मुलगी इंदिरानगरची. साहेबांची पुतणी. साहेब आमच्या संघटनेचे अध्यक्ष. टेबलामागून लढतीत बोलायचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. पण राज्याच्या पंचांत कोणाला पाठवायचं ते तेच ठरवायचे. माझी आई द्वारका चौकात भाजीची टोपली घेऊन बसायची, हे सगळ्यांना ठाऊक. कोट घातला तरी मी भाजीवालाच.

मी कोपऱ्यातल्या दोन पंचांकडे पाहिलं. एकानं मान खाली घातली. दुसरा मोजे ओढत बसला.

मग मी ते केलं. एक हात वर ठेवून दुसरा डोक्यासमोर हलवला. दिलेला गुण रद्द करायची खूण.

लढत पुन्हा सुरू झाली. चांदवडच्या पोरीचं चित्तच उडालं होतं. हल्ला करत नाही म्हणून मीच तिला ताकीद दिली. मग आणखी एक. तिसऱ्या ताकिदीला खेळाडू बाद होतो. ती बाद झाली. एका वजनगटात जिल्ह्यातून एकच नाव राज्याला जातं, राज्यातून देशाला, आणि क्रमवारीचे गुण त्यापुढं. तिच्यासाठी पहिलंच दार बंद झालं.

ती नियमाप्रमाणे वाकली आणि मॅटवरून उतरली. बाहेर मी चपला शोधत होतो तेव्हा जवळ आली. "सर, माझं काय चुकलं? सांगा, म्हंजे सुधरंन मी."

"पाठ पूर्ण टेकली नव्हती," मी म्हणालो.

त्या वर्षी मी राज्याचा पंच झालो.

वर्षं गेली. बायको गेली. संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसतं. टीव्ही नुसता लावून ठेवतो. गेल्या हिवाळ्यात लहान मुलांच्या स्पर्धेत माझा सत्कार ठेवला होता. चांदवडचं एक पोर मॅटवर आलं. तीच फेक. पण शेवटी पोरानं स्वतःचं डोकं मॅटवर झोकून दिलं. मान मोडू शकते, म्हणून नियमानं थेट बाद. दुसरं पोर आलं. तेच. तिसरं. तेच.

त्यांची शिकवणारी बाई धावत टेबलाशी आली. मी ओळखलं, तीच ती पोरगी. केस पिकायला लागलेले.

"डोकं घालून फेकायला का शिकवतेस?" मी विचारलं.

"मग अंगाचा सगळा भार टाकल्याबिगर समोरच्याची पाठ पूर्ण कशी टेकंल, सर? तुम्हीच तर सांगितलं. मी लय राबले त्याच्यामागं. माझी मान त्यातच गेली, हाताला मुंग्या येत्यात. पण सोडलं नाय."

नसलेली चूक ती आयुष्यभर सुधारत होती.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. साहेब शाल घेऊन उभे. थकलेले, पण आवाज तोच. "या नाना, या! आमचे भाजीवाले पंच!" पुन्हा तेच हसू.

मी शाल घेतली नाही. माईक घेतला. "या बाईंचा इप्पॉन होता. पाठ पूर्ण टेकली होती. साहेबांनी हात खाली घ्यायला लावला आणि मी घेतला. पंच मी होतो."

"वय झालं नाना तुमचं, बसा," साहेब हळूच म्हणाले. कुणीतरी माईक बंद केला. उरलेलं मी ओरडून सांगितलं.

ती रडली नाही. "आता हे ऐकून मी काय करू?" म्हणाली. "माझ्या पोरांना सांगा."

तेव्हापासून संघटनेचा फोन नाही. जुने पंच मला पाहून रस्ता ओलांडतात. रविवारी मी एकटा एसटीनं चांदवडला जातो. ती चहा विचारत नाही. विचारूही नये. पोरांसमोर उभा राहून मी काय केलं ते सांगतो.

"म्हंजे तुम्ही घाबरले?" एका पोरीनं विचारलं.

"हो. घाबरलो."

दर नव्या तुकडीला हेच सांगणार. लोकांना हसू देत. आणि जिल्ह्याच्या पुढच्या निवड चाचणीत त्या टेबलामागून कुणी तोंड उघडलं, तर मी प्रेक्षकांतून उठून मॅटच्या मधोमध जाऊन बसणार आहे. लढत पुढं न्यायची असेल तर त्यांना मला आधी उचलून बाहेर टाकावं लागेल.