भाऊजींचा हातोडा

कानाच्या भरवशावर सरकारी इमारती उभ्या करणारा माणूस सगळ्या चांदा जिल्ह्यात एकच, आणि दुर्दैवानं तो माझ्या ताईचा नवरा. भाऊजी ओव्हरसियर. उमेदवारी रेल्वेच्या पुलांवर झालेली. तिथं लोखंड जोडणारे रिव्हेट ठोकून आवाजावरून पारख करायची रीत. ती त्यांनी सबंध आयुष्यालाच लावली. मडकं तर कुणीही ठोकून घेतो, हे भोपळा, पाट, पलंग, सगळं ठोकत. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या दाराची चौकट ठोकून म्हणाले, "घर पक्कं हाये. पोरगी पसंत." असल्या माणसाच्या हाती स्वराज्यानं शाळेचं छप्पर दिलं!

गोंडपिपरीच्या त्या शाळेसाठी आम्ही पत्रकं वाटली, सभा घेतल्या, शिव्या खाल्ल्या. शेवटी छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी कैच्या आल्या, त्या पोकळ लोखंडी नळ्यांच्या. मोठ्या नळीच्या अंगावर बारक्या तिरप्या नळ्या वेल्डिंगनं जोडलेल्या. भाऊजींनी एकेक जोड ठोकला. ठण्ण! "आयक, कसा बोलून राह्यला!" अहो, पोकळ वस्तू ठोकली की बोलणारच, आमचे पुढारीही बोलतात.

वर कवेलू, म्हणजे कौलं, चढले आणि मधल्या कैचीत, जोडापाशी, मोठ्या नळीचं पोट आत गेलेलं मला खालून दिसलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली पोरं बसणार होती. मी गावादेखत आरडाओरडा केला. भाऊजी शिडीवर चढले. पुन्हा ठण्ण.

"जोड जसाच्या तसा हाये. मले शिकवतं का बे?"

"जोड मजबूतच आहे, भाऊजी! पण तो ज्या नळीवर बसला तिचा पत्रा पातळ आहे, तीच दबून राह्यली. ती कोणी तपासली?"

"नळीले काऊन तपासाचं? ते तर कारखान्यातून येते."

म्हणजे कारखान्यानं पाठवलं की यांचं डोकं सुट्टीवर! मी तसं तोंडावर म्हटलं. ते हातोडा उचलून निघून गेले.

सकाळी भांडायच्या तयारीनंच गेलो. कैचीखाली सागाच्या बल्ल्यांचा टेकू लागला होता, अर्धे कवेलू उतरले होते, वर्ग बाहेर मोहाच्या झाडाखाली भरला होता. भाऊजी हेडमास्तरांना सांगत होते, "चूक माही हाये, गुरुजी. नळीले जाड पट्टी लावल्याबिगर पोराईले आत बसवू नोका." मग पोरांच्या मागं मातीतच बसले. मला पाहून एवढंच म्हणाले, "जेवला का तू?"

आता त्यांची सिरोंच्याला बदली झाली आहे. दुसऱ्या शाळांची छपरं दबलेली दिसली की मी नव्या नव्या साहेबांच्या दारात ओरडतो. ते चहा देतात, मान डोलावतात, आणि पोरं त्या छपरांखालीच बसून राहतात.