वृत्तान्ताचा चौथा भाग

आमच्या बाईंना कोणी काही बातमी सांगितली, की त्या आनंद किंवा दुःख काहीही न दाखविता प्रथम एकच प्रश्न विचारीत : "तू तिथं हजर होतास?" विहिरीत पडलेल्या म्हशीपासून मुंबईत झालेल्या सभेपर्यंत सर्व वार्तांना हाच प्रश्न असे. त्यामुळे गावाने त्यांचे नाव हजरबाई ठेवले. एकदा माझ्या आजीने मळ्यातल्या विहिरीवरच्या भुताची हकिगत त्यांना रंगवून सांगितली. बाईंनी विचारले, "आजी, तुम्ही हजर होता?" आजी म्हणाली, "आगं बाई, मी हजर असते तर आज तुझ्याम्होरं बसले असते व्हय?" बाई इतक्या हसल्या, की त्यांच्या चष्म्याची काडी कानावरून सुटली.

पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर आमचे गाव होते. शाळा ख्रिस्ती मंडळींनी चालविलेली, सातवीपर्यंतची. त्यांची मुले आणि आम्ही शेतकऱ्यांची मुले एकाच तरटावर बसत असू. बाई स्वतः ख्रिस्ती, नगरला शिकलेल्या आणि अकाली विधवा झालेल्या. ख्रिस्ती मुले सांगत, की रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेब बोलू लागले की बाई आता उठून विचारतात की काय, या भीतीने ती श्वास रोखून बसत. तिथे मात्र बाई डोळे मिटून स्वस्थ असत.

त्या आम्हांला मराठी शिकवीत, आणि त्यांच्या मराठीत निबंधापेक्षा वृत्तान्ताला मान अधिक होता. वृत्तान्ताला चार भाग असत. पहिल्यात प्रसंग, स्थळ आणि वेळ. दुसऱ्यात जे स्वतः पाहिले ते. तिसऱ्यात जे ऐकले ते, सांगणाऱ्याच्या नावासह. चौथ्याचे नाव 'मला वाटले', आणि त्याला दोनच ओळींची मुभा होती. "वाटणं फार पसरतं," बाई म्हणत, "त्याला कुंपण घाला." बाजारात दोन बायका एका कोंबड्यावरून भांडल्या, तेव्हा आम्हां सर्वांना तो वृत्तान्त लिहावा लागला. कोणाचा कोंबडा तांबडा निघाला, कोणाचा काळा, एकाची तर कोंबडीच निघाली. बाईंनी सगळे वाचून दाखविले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "भांडण एका कोंबड्याचं होतं ना? तुम्ही तर खुराडं भरवलंत."

नंतर त्याच वृत्तान्तातले एखादे वाक्य फळ्यावर येई आणि त्याचे व्याकरण चालविले जाई. शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती. हा भाग इतर शाळांतून मुलांना रडवीत असे. बाईंनी त्याची चावडी केली होती. "त्याला उभा करा आणि विचारा, तू कोण, कोणाचा, आणि इथं कशाला आलास?" कामचुकार शब्द सापडला, की सारा वर्ग आनंदाने ओरडे, "हाकला त्याला!"

मी त्या ओरडण्यात नसे. मी फार भित्री मुलगी होते. हजेरीला 'आहे' म्हणतानाही माझा आवाज पुढच्या रांगेच्या पलीकडे जात नसे. पण कागदावर मला कोणी थांबवीत नव्हते. मधल्या सुट्टीत बाहेर खेळायला जाण्याऐवजी मी वर्गातच राही आणि फळा पुशी. बाई तेव्हा टेबलाशी वह्या तपाशीत असत. त्या वेळी बहुधा एकच माणूस तिथे येई, शाळेचा शिपाई कोंडिबा. लढाईचे दिवस होते, त्याचा मुलगा पलटणीबरोबर मिसरात गेलेला होता, आणि त्याची पत्रे बाईच वाचून दाखवीत व बाईच उत्तरे लिहीत.

आमच्या शाळेचा टोल म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक जड तुकडा. तो लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला होता. पाळीपाळीने मुले तो वाजवीत. त्या गुरुवारी आमच्या वर्गातल्या यशवंताची पाळी होती. त्याने पहिला ठोका दिला, दुसरा दिला, आणि तिसरा आम्हांला ऐकूच आला नाही. ऐकू आला तो जमिनीवर काहीतरी जड आदळल्याचा दबका आवाज, आणि मागून यशवंताची किंकाळी. तार तुटून रूळ त्याच्या पायावर पडला होता. कोंडिबाने आणि मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, त्याला उचलून बैलगाडीत घातले. त्याचा पाय पाहिल्यावर मी जिथे उभी होते तिथेच उभी राहिले. मला घरी कोणी नेले ते आजही आठवत नाही. नगरच्या दवाखान्यात त्याचा पाय घोट्यापासून काढावा लागला. शाळा पुष्कळ दिवस टोलावाचून भरली आणि टोलावाचून सुटली. सुटल्यावरही आम्ही तरटावरून उठत नसू.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी सांगितले, की तारेकडे लक्ष ठेवणे हे कोंडिबाचे काम होते, शनिवारी शाळा-समिती बसेल आणि त्याला काढून टाकील. त्याच दिवशी बाईंनी आम्हांला त्या अपघाताचा वृत्तान्त लिहावयास सांगितला. त्यांचे डोळे सुजलेले होते. बहुतेक सर्वांनी लिहिले, की कोंडिबाच्या हयगयीने तार तुटली.

"हयगय करताना कोणी पाहिलं?" बाईंनी विचारले. "कोण हजर होतं?"

कोणीच नव्हते. मग त्यांनी माझा वृत्तान्त उचलला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागल्या. दुसऱ्या भागात मी लिहिले होते, की सोमवारी मधल्या सुट्टीत कोंडिबा वर्गाच्या दाराशी आला. बाई वह्या तपाशीत होत्या. तो म्हणाला, "बाई, टोलाची तार लई झिजलीया. तेवढं मोठ्या गुरुजींच्या कानावर घाला." बाई वर न पाहता म्हणाल्या, "बरं, सांगते."

बाईंचा आवाज त्या वाक्यापर्यंत सरळ गेला आणि तिथे थांबला. मी कोणाविरुद्ध काही लिहीत आहे, हे मला लिहिताना सुचलेच नव्हते. पाहिले ते दुसऱ्या भागात लिहायचे, एवढेच मी जाणत होते.

"सगुणा, मी असं म्हणाले?"

"हो बाई."

"तू कुठं होतीस?"

"फळा पुसत होते."

बाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा मनाशी वाचले. मग म्हणाल्या, "मला आठवत नाही."

मागच्या रांगेतून बापू उसळून ओरडला, "खोटं लिहिती ती, बाई! फाडून टाका. सगुने, गप बसायचं हुतं की!"

बाईंनी कोंडिबाला बोलावून आणले. तो दारातच उभा राहिला. "कोंडिबा, तारेचं तुम्ही मला सांगितलं होतं?"

कोंडिबा जमिनीकडे पाहत म्हणाला, "न्हाई बाई."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ज्याची नोकरी जायची होती तोच नाही म्हणत होता.

"कोंडिबा, खरं सांगा."

"तुमालाबी आठवत न्हाई, मलाबी आठवत न्हाई. लेकराचं काय धरून बसता? मी काय, कुठंबी पोट भरीन. तुमी इथं ऱ्हायला पायजे."

दोन मोठी माणसे नाही म्हणत होती आणि हो म्हणणारी मी एकटी होते. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी खाली बसून माझ्या डोळ्यांत पाहिले. "अजून तेच म्हणतेस?" मी होकारार्थी मान हलविली.

"मग तसंच झालं असलं पाहिजे," बाई उठून म्हणाल्या. "मी नुसती खुर्चीत होते. हजर ही होती."

शनिवारी समिती बसली. आम्ही मुले खिडकीखाली दबून उभी होतो. बाईंनी स्वतःचा वृत्तान्त वाचला, चारही भागांचा. तिसऱ्या भागात त्यांनी माझे नाव घेतले आणि त्यापुढे लिहिले होते, की ही मुलगी पाहिल्यावाचून लिहीत नाही. मोठे गुरुजी ताडकन उभे राहिले. "बाई, एका पोरीच्या कागदावर तुम्ही नोकरी घालवताय? कोंडिबा स्वतः नाही म्हणतोय!"

"गुरुजी, जो हजर होता त्याचं माना, असं मी यांना रोज सांगते," बाई म्हणाल्या. "आज ते माझ्याविरुद्ध आहे म्हणून मानू नको?"

चौथा भाग त्यांनी वाचला तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच फुटला. त्यात एकच ओळ होती : मला वाटले, यशवंताच्या आईपुढे मी काय बोलू?

कोंडिबा राहिला. बाईंना जावयास सांगितले. मोठी माणसे मुलांसमोर आपली चूक सांगतात, हे आम्ही कधी पाहिले नव्हते; आणि सांगितल्यावर असे होते, हेही पाहिले नव्हते.

त्या गेल्या त्या दिवशी तिसगावच्या मोटारीच्या थांब्यावर कोंडिबा त्यांची ट्रंक डोक्यावरून घेऊन आला होता. आम्ही काही मुलेही मागोमाग चालत गेलो होतो. ट्रंक टपावर चढवून तो माझ्याकडे वळला. "पोरी, तुझ्या लिवण्यानं माझी चाकरी ऱ्हायली आन् बाई चालल्या. आता माझ्या पोराची पत्रं कुनी वाचायची?"

मला वाटले, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे. बाई म्हणाल्या, "सगुणा वाचील. मोठ्यानं वाचील." मग त्यांनी माझा वृत्तान्त मला परत दिला. पूर्ण गुण होते, पण खाली त्यांच्या बारीक अक्षरात शेरा होता : चौथा भाग कोरा का?

"बाई, मी लिहायला नको होतं का?" मी विचारले. एवढे लांब वाक्य मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

"हे त्याच भागात लिहायचं," त्या म्हणाल्या. मोटार सुरू झाली.

कोंडिबाला पत्रे मी वाचून दाखविली, प्रथम पुटपुटत, पुढे त्याच्या म्हाताऱ्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. यशवंत कुबडी घेऊन शाळेत परतला आणि माझ्या शेजारी बसला. नवीन टोल आला. मी पुढे पुष्कळ शिकले, पण स्वतःचे म्हणून काही लिहिण्याचे धाडस आता, केस पांढरे झाल्यावर केले आहे. बाईंनी दोन ओळींची मुभा दिलेली होती, तेवढ्याच लिहिते.

मला वाटले, मी लिहिले नसते तर बाई राहिल्या असत्या.
पण मग त्या माझ्या बाई राहिल्या असत्या का, ते मला अजून ठरविता येत नाही.