निवर्तले की निवृत्त: द्वारका ते हिंदूराव, एक दमलेला रविवार

यावेळी हौसेने निघाले नव्हते. एका जिवंत माणसाची माफी मागायला निघाले होते.

सांगते. आमच्या द्वारकेतल्या मराठी मंडळाचं वार्तापत्र दर महिन्याला मी काढते. बारशी, लग्नं, दहावीचे निकाल, निधनवार्ता, आणि शेवटच्या पानावर मेश्रामकाकांचं दिल्लीवरचं सदर. काका मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि करोल बागेतच राहिले. आपली माणसं या शहरात कुठे कुठे राहिली, कुठल्या मोहल्ल्याला कुणाचं नाव कसं पडलं, हे सगळं ते लिहायचे. गेल्या महिन्यात त्यांनी कळवलं, आता पुरे, सदरातून निवृत्त होतो, तेवढी बातमी द्या. ऑफिसात माझा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून बातमी टाइप करायचं काम मी लेकीला, इराला, दिलं. इरा दिल्लीतच जन्मली, वाढली. मराठी छान बोलते, पण घरातल्या घरातलं. तिने जुने अंक चाळले, त्यात 'निवर्तले' हा शब्द दिसला, आणि 'निवृत्त झाले'चंच हे जरा भारदस्त रूप असावं असं तिला वाटलं. झालं! 'सर्वांचे लाडके मेश्रामकाका निवर्तले, मंडळ त्यांचे ऋणी आहे.' मी न वाचताच अंक सगळ्यांना पाठवून दिला.

पुढचे दोन दिवस फोन खाली ठेवता येईना. काका माझा फोन घेत नव्हते. शेवटी काकूंनी उचलला आणि एवढंच म्हणाल्या, ते कुणाशी बोलत नाहीयेत, रविवारी पोहे करते, या.

इरा म्हणाली, मला बिल्कुल तोंड दाखवायचं नाहीये यार. मी म्हटलं, तोंड नको दाखवू, पण चल.

तर जाणाऱ्यांसाठी: द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन थेट करोल बागेला जाते, कुठेही बदलायची गरज नाही. आपल्या बाजूने चढलं की बसायला जागा मिळते, जनकपुरीनंतर विसरा. सोमवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. नोव्हेंबरात तर शक्यतो जाऊच नका. खिडकीबाहेर सगळं राखाडी, घसा खवखवतोय, डोळे चुरचुरतायत, आणि डब्यातले अर्धे लोक मास्क लावून पेंगतायत. मीही पेंगले. हल्ली मला रविवारची झोप सोडून दुसरं काही नको असतं.

स्टेशनातून बाहेर पडलं की कपड्यांची दुकानं, मग सोन्याची, मग गाड्यांच्या सीटकव्हरवाल्यांचा गराडा. त्यांना चुकवत आत वळलं की काकांची गल्ली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी दोनदा थांबले.

काका खुर्चीत बसले होते. रागावलेले दिसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. श्रद्धांजलीचे मेसेज, खाली खाली जावं तरी संपेनात.

"जन्मभर जय भीम म्हटलं," ते म्हणाले, "आणि गेलो तर सगळ्यांनी ॐ शांती लिहिलं."

इराला रडूच फुटलं. काकूंनी तिच्या हातात पोह्यांची बशी दिली, वर लालभडक तर्री. भंडारा असो की दिल्ली, या घरचे पोहे तर्रीशिवाय होत नाहीत. इरा रडत रडत खात होती आणि तर्रीने डोळ्यांना आणखी पाणी येत होतं. तेव्हा कुठे काका हसले. परवाच बँकेत हयातीचा दाखला देऊन आलो, म्हणाले, आता एक मंडळालाही देतो. इराने विचारलं, हयातीचा म्हणजे? पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, हे ऐकून ती बघतच राहिली.

मी माफी मागितली आणि मग जे मनात होतं तेही बोलले. काका, सदर सोडू नका. तुमच्यानंतर हे सांगणारं आमच्याकडे कुणी नाही. काकांनी मान हलवली. मेल्याच्या बातमीचं त्यांना फार काही नव्हतं. त्यांचं दुखणं निराळंच होतं.

"आता सगळे लिहितात, काका काय सुंदर लिहायचे. लिहीत होतो तेव्हा एकानेही कधी एक शंका विचारली नाही, ताई. काहून लिहायचं मग?"

मी स्वतः त्यांचे लेख शुद्धलेखनापुरतेच वाचत आले होते.

फक्त हिंदूराव रुग्णालयाचं लिहायचं राहिलं, असं ते उठता उठता म्हणाले. जाऊन बघून लिहायचं होतं, पण गुडघे चढ चढू देत नाहीत. इराने बशी ठेवली आणि म्हणाली, आजोबा, चला, आत्ता. माझी कंबर नको म्हणत होती, पण मी चपला घातल्या.

करोल बागेहून हिंदूरावला ऑटो करा. मीटरने येणार नाही, घासाघीस करावीच लागते. अंतर फार नाही, पण पुलावर गाड्या तुंबल्या की तुंबल्या. मग रस्ता रिजच्या टेकडीवर चढतो, झाडं सुरू होतात, आणि मोठं रुग्णालय येतं. बाहेर पेशंटची माणसं चादरी अंथरून, डबे उघडून बसलेली. फोटो काढायची जागा नाही ही, काढू नका.

गेटवरच्या गार्डला मी विचारलं, ये हिंदूराव कौन थे? तो म्हणाला, कोई बडे डॉक्टर रहे होंगे. काकांनी त्याला काही सांगितलं नाही. बाकावर बसून आम्हाला सांगितलं. हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेला मराठी सरदार, एकोणिसाव्या शतकातला. इथे त्याचं घर होतं. मग स्वतःचं सांगितलं. दिल्लीत नवे असताना, हिंदीही धड येत नसताना, काकूंना बाळंतपणासाठी इथेच आणलं होतं. त्या आत, हे एकटे बाहेर. पाटीवर 'राव' वाचलं आणि बरं वाटलं, की चला, आपलं कुणीतरी आहे इथे.

इरा ऐकत होती. मग तिने विचारलं, "पण आजोबा, तो सरदार. त्याने तुम्हाला घरात घेतलं असतं का?"

आधीच त्या माणसाला मारलंय, आता वर हे! पण काका तिच्याकडे वळून नीट बसले.

"नसतं घेतलं, बेटा. पण माझी पोरगी त्याच्याच घराच्या जागेवर जन्मली. तेच लिहायचं होतं मला."

परत जाताना ते दोघं बोलत होते आणि मी ऑटोच्या कडेला डोळे मिटून होते. इरा एकामागून एक विचारत होती, आणि काकांना दम लागला तरी ते थांबत नव्हते.

घरी आल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसले. या फेरीतून काय आणलं म्हणाल, तर खोकला आणला. आणि आपण इतकी वर्षं एका माणसाच्या बातम्या छापत होतो, पण त्याला ऐकत नव्हतो, हेही घेऊन आले. खोकला जाईल, हे मात्र जाईल असं वाटत नाही.

इराने शुद्धिपत्र लिहिलं: 'मेश्रामकाका हयात आहेत. ते फक्त सदरातून निवृत्त झाले आहेत. चुकीबद्दल क्षमस्व.' या वेळी पाठवण्याआधी तिने ते काकांनाच वाचायला दिलं. लगेच उत्तर आलं. बाकी ठीक आहे, फक्त 'झाले आहेत' काढ, तिथे 'झाले होते' कर.

इराने मला विचारलं, आई, फरक काय पडतो? मी म्हटलं, पडतो, कर.