मोरी कुठंय, मावशी?

शीतल ओव्हाळ कुणाच्याही घरात शिरली की पाणी प्यायच्या आधी विचारायची, "मोरी कुठंय, मावशी?" घरातल्यांना वाटायचं, बाई उन्हातून आलीय, पाय धुवायचे असतील. सून लगबगीनं बादली भरायला जायची. आणि ही बया मोरीत उकिडवी बसून फरशीवरून तळहात फिरवत असायची. मग उभी राहून डोळे मिटायची, भिंत चाचपायची आणि स्वतःशीच बडबडायची, "इथं तोल गेला तर धरायचं काय? नळ?" बादली घेऊन आलेली सून दारातच थिजायची.

मी तळेगावातल्या एका आरोग्य केंद्रात समाजसेविका होते. केंद्र एका मोठ्या संस्थेचं. तिचं नाव मी घेणार नाही, घेतलं तर त्यामागोमाग तोंडातून काय काय निघेल याचा मला भरवसा नाही. मावळातली म्हातारी माणसं कशी चालतात, किती पडतात, पडल्यावर त्यांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास आमच्याकडे चालायचा. शीतल तिथं संशोधक म्हणून आली तेव्हा पस्तिशी गाठलेली होती. वलवणची, बौद्ध कुटुंबातली, वडील रेल्वेत. बारावीनंतर तिनं नर्सिंग केलं, हाडांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युट्या केल्या, त्या पगारावर दोन धाकट्या भावांची शिक्षणं काढली आणि मग स्वतःच्या पीएच.डी.ला हात घातला. खुबा मोडून आलेल्या म्हाताऱ्या बघून बघून तिचं डोकं फिरलं होतं. "ताई, बाई वॉर्डात आली म्हणजे उशीर झालेला असतो. मला त्याच्या आधी जायचंय," असं ती नेहमी म्हणायची.

नाव शीतल, पण डोकं कायम तापलेलं. माझंही तेच, त्यामुळे आमचं जमलं. गावात एखाद्यानं खोदून खोदून आडनाव विचारलं की ती आडनाव, गाव, वडिलांचं नाव एका दमात सांगायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि मग विचारायची, "झालं? आता मोरी दाखवा."

आमच्याकडे छापील प्रश्न होता : गेल्या वर्षभरात आपण किती वेळा पडलात? बहुतेक म्हातारी माणसं सरळ नाही म्हणायची आणि आम्ही ते लिहून घ्यायचो. उर्से गावाच्या पुढे एका वाडीत हौसाबाई नावाची आजी राहायची. तिला मी हाच प्रश्न विचारला आणि ती उखडलीच.

"पडाया काय धाड भरलीय मला? पडलं म्हंजी संपलंच की. न्हाई पडले मी."

तिच्या मनगटाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली आणि हात हा एवढा सुजलेला. शीतलनं तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली आणि हाताला काय झालं ते विचारलं.

"बसले की," हौसाबाई म्हणाली. "शेरडाला पाला टाकाया गेलते, तितं बसले."

"अशा लय वेळा बसता का, मावशी?"

"व्हय. मोरीत तर आठ दिसाला बसती."

परतताना गाडीत शीतलनं छापील प्रश्नांचा कागद पुन्हा उघडला. मग एकदम म्हणाली, "ताई, आपल्याकडे पडलेलं माणूस म्हणजे अंथरुणाला पडलेलं. पडले असं म्हटलं की पोरं रानात जाऊ देत नाहीत, एका कोपऱ्यात खाट टाकून देतात. कोण कबूल करेल? त्या खोटं बोलत नाहीत. आपणच चुकीचं विचारतोय."

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रश्नच बदलला. "मावशी, मधी कुटं बसलात का?" आणि काय सांगू, धरण फुटावं तशी माणसं बोलायला लागली. कुणी बांधावर बसलेलं, कुणी एसटीच्या पायरीवर, एक आबा तर गोठ्यात बसले होते ते म्हैस वाटेतून हलेपर्यंत तसेच. ज्या ज्या घरांतून आम्ही 'नाही' लिहून आलो होतो, तिथं सगळीकडे पुन्हा जावं लागलं.

केंद्राचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते पुण्याहून आठवड्यातून एकदा यायचे. त्यांना हे मुळीच आवडलं नाही. प्रश्न जगभर एकच असतो, तो बदलला तर जगाशी तुलना कशी करणार, असं त्यांचं म्हणणं.

"जगाशी तुलना नंतर करू, सर," शीतल म्हणाली. "आधी हौसाबाईचं मनगट तर धरू हिशेबात."

सरांनी नाइलाजानं होकार दिला. नंतर त्याच प्रश्नावरचा शीतलचा शोधनिबंध बाहेर वाखाणला गेला, तेव्हा ते सगळ्यांना 'आमचा प्रश्न' म्हणून सांगायला लागले, ते सोडा. शीतलला त्याचं काही नव्हतं. तिनं गावातला गवंडी गाठून घराघरांतल्या मोऱ्यांमध्ये हाताला येईल असा लोखंडी पाइप लावायचा सपाटा लावला होता.

मार्चमध्ये आमच्या प्रकल्पाची मुदत संपणार होती. त्याच सुमाराला वार्धक्यतज्ज्ञांच्या एका मंडळानं नवोदित संशोधकासाठी पुरस्कार जाहीर केला. त्याच्यासोबत दोन वर्षांची फेलोशिप होती. ती मिळाली तर शीतल मावळात राहून हेच काम पुढे नेऊ शकणार होती, नाही मिळाली तर सगळं बंद. अर्ज कर म्हणून सरांनीच सांगितलं. तिनं केला. उत्तर आलं एका ओळीचं : उमेदवार वयात बसत नाही.

अट होती पस्तिशीची. शीतल तेव्हा एकोणचाळीस वर्षांची. माझं संशोधन चारच वर्षांचं आहे, त्याआधी मी रुग्णांची सेवा करत होते, असं तिनं समजावून कळवलं. त्यावर नियम म्हणजे नियम, एवढंच. अरे, वार्धक्याचा अभ्यास करणारी माणसं तुम्ही, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी बाई तुम्हाला म्हातारी वाटते? आणि हे ठरवणाऱ्या समितीत सत्तरीच्या आतला एकही नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परिषद लोणावळ्याच्या एका हॉटेलात होती. आम्हाला आमंत्रण होतं ते वेगळ्याच कामासाठी. व्यासपीठावर सत्कार करायला गावातली दोन-चार ज्येष्ठ मंडळी घेऊन या, असं सांगितलं होतं. शीतल चरफडत का होईना, हौसाबाईला घेऊन आली. पुरस्कार एका डॉक्टर मुलाला मिळाला. चांगला मुलगा, त्याच्यावर माझा राग नाही. पण अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, वय हा फक्त आकडा आहे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी शीतलकडे बघितलं, ती हौसाबाईच्या खांद्यावरची शाल सारखी करत होती.

चहाच्या वेळी सर आमच्याकडे आले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. पण वातावरण हलकं करायला म्हणून ते हसत म्हणाले, "अगं, साठीनंतर जीवनगौरव असतो. तेव्हा तुझं नाव मीच सुचवेन."

"आणि पस्तीस ते साठ मी काय करायचं, सर?" शीतलनं विचारलं.

सर कपातला चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

मार्चमध्ये प्रकल्प बंद झाला. शीतलनं पुण्यात जर्मन भाषेचा क्लास लावला आणि पुढच्या वर्षी नर्स म्हणून तिकडच्या एका वृद्धाश्रमात गेली. तिकडच्यांना तिचं वय चाललं. निघण्याआधी माझ्याकडे जेवायला आली होती. मी तावातावानं सगळ्यांचा उद्धार करत होते. ती भात कालवत म्हणाली, "ताई, मला बक्षीस नको होतं हो. मला पुढची दोन वर्षं हवी होती." एवढं बोलून ती रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच.

केंद्राला नंतर दुसरा निधी मिळाला. सरांनी जुना छापील प्रश्न परत आणला, जगाशी तुलना करायची म्हणून. दरम्यान हौसाबाईच्या मुलानं नवं घर बांधलं, चकचकीत फरशीचं बाथरूम केलं. पाइप जुन्या मोरीबरोबर गेला. शीतल असती तर त्या फरशीवर हात फिरवून तिनं मुलाला तिथल्या तिथं झाडला असता. यंदा केंद्रातून एक पोरगी आली, ओसरीवरच बसली, पडलात का म्हणून विचारलं, न्हाई असं ऐकलं आणि गेली. तिचा तरी काय दोष? तिला जे दिलं ते तिनं विचारलं. त्यानंतर महिना झाला नसेल, हौसाबाई बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला आणि ती त्यातून उठलीच नाही.

मी शीतलला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, मधल्या काळात कुणी गेलं होतं का मावशींकडे? मी म्हटलं, गेली होती, केंद्राची नवी संशोधक, हुशार आहे म्हणतात, पंचविशीची असेल.

"अच्छा," शीतल म्हणाली. "म्हणजे वयात बसते."