इरासाठी जोडीदार पाहणे आहे

इरा केलर ही जर्मनीची जोडी-स्केटर. म्हणजे बर्फावर एक मुलगा एका मुलीला डोक्यावर उचलतो, गरगर फिरवतो, लांब फेकतो, आणि दोघंही सगळा वेळ हसत असतात, तो खेळ. गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत इरा तिसरी आली. तिची आई नीलिमा मूळची नाशिकची. तिनं बातमी लगेच माहेरी कळवली. जोड्या एकूण तीनच होत्या, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

पाचव्या वर्षी फ्रँकफर्टच्या रिंकवर उभी राहिलेली ही पोर चौदाव्या वर्षी बर्लिनच्या क्रीडाशाळेत गेली. एकेरीच्या स्पर्धांत ती कायम अकरावी-बारावी यायची. मग तिथल्या ट्रेनरबाईंनी तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, "ठेंगणी आहेस आणि घाबरत नाहीस. जोडीत जा." यातला पहिला भाग नीलिमाला झोंबला, दुसरा इराला आवडला.

पहिला जोडीदार कायदा शिकायला गेला. दुसरा, फेलिक्स, चांगला टिकला. सहा वर्षं त्यानं इराला डोक्यावर धरलं, एकदाही पाडलं नाही. मग मे महिन्यात त्याच्या मित्राचा उम्त्सुग निघाला. जर्मनीत घर बदलायचं म्हणजे मित्रांनीच हमाल व्हायचं. बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चढवताना फेलिक्सची पाठ गेली ती गेलीच. इरा बावीस वर्षांची. सप्टेंबरात तिथला उन्हाळा संपेपर्यंत नवा जोडीदार मिळाला नाही तर संघातली जागा जाणार, आणि एकदा गेली की परत कोण बोलावतंय? या खेळात मुली पायलीच्या पन्नास, मुलगे औषधालाही नाहीत.

"म्हणजे स्थळंच बघायची की!" प्रभाआजी नाशिकहून फोनवर खुलली. "मुलाची उंची किती हवी?"

"एक मीटर शहाऐंशी." इराला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं आणि नीलिमा ते आजीला पोचवते.

"शिक्षण?"

"आजी, मला लग्न नाही करायचं. त्यानं मला फक्त नीट फेकायला हवं."

"मुलगे फेकतातच गं. लग्नाआधी जरा जास्तच."

पहिली दोन स्थळं बर्लिनला येऊन इराला उचलून बघून गेली. जाताना दोघंही म्हणाले, "वी मेल्डेन उन्स."

"म्हणजे फोन करणार आहेत," इरा म्हणाली.

"बाळ, याला मराठीत 'कळवतो' म्हणतात," नीलिमा म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वेळची चार स्थळं अजून कळवतायत."

ऑगस्टात ड्रेस्डेनहून तिसरा आला, योनास. बरोबर आई, फ्राऊ बेरेन्स. नीलिमाही फ्रँकफर्टहून आली होती. दोघी गॅलरीत शेजारी बसल्या.

"वजन किती?" फ्राऊ बेरेन्सनी विचारलं.

"मुलीचं की माझं?"

"माझ्या मुलाचा खांदा नाजूक आहे."

"मग त्याला एकट्यालाच नाचवा," नीलिमा म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आत पस्तावली. मुलीकडच्यांनी असं बोलायचं नसतं.

खाली योनासनं इराला फेकलं. ती हवेत फिरली, कमरेवर आपटली आणि घसरत कठड्यापर्यंत गेली.

"उशिरा सोडलं मी," योनास म्हणाला.

दुसऱ्यांदा पुन्हा तेच.

"आता लवकर सोडलं."

"कळलं मला," इरा कंबर चोळत म्हणाली.

तिसऱ्यांदा ती एका पायावर उतरली, हेलकावली, सावरली. फ्राऊ बेरेन्स उठल्या, कोटाची बटणं लावली आणि गॅलरीच्या कठड्याशी जाऊन म्हणाल्या, "छान. आम्ही कळवू."

नीलिमानं डोळे मिटले.

"कळवायचं काय त्यात, आई?" योनास म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून मी बर्लिनला येतो. हिची हरकत नसेल तर."

सगळे इराकडे बघायला लागले. पोरीनं आता तरी हसून 'हो' म्हणावं की नाही? ती आपला हातमोजा बघत होती. त्याला बर्फाचा चुरा लागला होता.

"उतरताना हात टेकला माझा," ती योनासला म्हणाली. "हे धरायचं नाही. बर्फ साफ करणारं मशीन यायला अजून वेळ आहे. चल, पुन्हा."

त्यानं हात पुढे केला. दोघं वेग घ्यायला रिंकच्या पलीकडच्या टोकाला गेली.

"हो म्हणाली का ती?" नीलिमानं विचारलं.

"ही पोरं 'हो' असंच म्हणतात," फ्राऊ बेरेन्स म्हणाल्या आणि कोटाची बटणं सोडत पुन्हा तिच्या शेजारी येऊन बसल्या.