कोरडा सदरा

रेनो पेल्कोनेन सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील लोखंडाच्या खाणीत दरडीखाली सापडून गेले. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिला पहाटे सहालाच घर सोडावं लागे, म्हणून आठ वर्षांच्या आर्लनला उठवून, खाऊ घालून, कपडे चढवून शाळेच्या बसमध्ये बसवण्याचं काम रेनोच्या गळ्यात पडलं. मिशिगनच्या या उत्तर टोकाला सरोवरावरून वारा सुटला की उघडा कान दहा मिनिटांत पांढरा पडतो. आर्लन टोपी काढून फेकायचा, रेनो ती उचलून पुन्हा घालायचा. पुढची सेहेचाळीस वर्षं दोघांचं हेच चाललं.

रेनो कागदाच्या गिरणीत राबला, लग्न केलं नाही, आणि गावात ओळखला गेला तो धनुष्याने शिकार करणारा म्हणून. बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरमध्ये संपतो आणि बहुतेकजण शेगडीजवळ जाऊन बसतात. खरी थंडी त्यानंतर पडते, आणि रेनोची शिकार त्यानंतर सुरू व्हायची. झाडावरच्या मचाणात चार-चार तास हलायचं नाही, आणि हरीण आलंच तर ताठरलेल्या हातांनी धनुष्याची दोरी कानापर्यंत खेचायची. तो म्हणायचा, "थंडी आकाशातून येत नाही, आपल्याच घामातून येते." म्हणून तो मचाणापर्यंत जवळजवळ उघड्यासारखा चालत जाई, जाड कपडे सगळे पाठीवरच्या पिशवीत. झाडाखाली पोचला की भर बर्फात घामेजलेला आतला सदरा काढायचा, कोरडा लोकरीचा घालायचा, मग एकावर एक बाकीचे थर. दोरी अडकू नये म्हणून कोटाची बाही पट्ट्याने आवळायची. कमरेला लोकरीची पिशवी बांधून त्यात हात, हातांशी गरम होणाऱ्या पुड्या. दर अर्ध्या तासाला धनुष्य हळूच एकदा ताणून सैल करायचं, म्हणजे खांदे आखडत नाहीत.

आर्लनला यातलं काही करायचा कंटाळा. घरूनच सगळे कपडे चढवून निघायचा, गुडघाभर बर्फातून भराभर चालायचा आणि मचाणावर घामाने निथळत बसायचा. तीस वर्षं रेनो त्याच्यासाठी दुसरी पिशवी भरून आणत असे. कोरडा सदरा, मोजे, पुड्या, कॉफीचा थर्मास. आर्लनची बायको मार्लिस हसून म्हणायची, "मी त्याच्याशी लग्न केलंय, पण त्याचे मोजे अजून रेनोकडेच आहेत."

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकाऱ्यांच्या झोपडीत दहा-बाराजण जेवायला जमले होते. आर्लन रंगात आला होता. रेनोची पिशवी उचलून त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली.

"या, या! आजीबाईंचं दुकान उघडलंय. मोजे घ्या, गंजिफ्रॉक घ्या. थांबा, दुधाची बाटली पण असेल!"

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेनोही हसला. पण घरी आल्यावर ते त्याला लागून राहिलं. त्रेसष्ट वर्षांचं वय, आणि सगळ्या गावापुढे आजीबाई!

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघे निघाले. पारा शून्याखाली अठरावर होता. दुपारी बाराला गाडी लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर उभी केली. आर्लनने मागचं दार उघडून पाहिलं.

"माझी पिशवी कुठंय?"

"कसली पिशवी?"

"रेनो, चेष्टा करू नको."

"चोपन्न वर्षांचा झालास तू. स्वतःची पिशवी स्वतः भरायची."

आर्लन हसला. "अच्छा! म्हणजे आजीबाई रुसल्यात!" त्याने धनुष्य खांद्याला लावलं. "असू दे. मी पण पेल्कोनेन आहे, गोठत नाही लवकर. अंधार पडला की इथेच भेटू."

आणि तो नेहमीसारखा तरातरा चालू लागला. अंगावर सगळे कपडे होते, टोपी मागे सरकवलेली होती. हाक मारावी असं रेनोला वाटलं. पण त्याने हाक मारली नाही.

दोघांच्या मचाणांत अर्ध्या तासाची वाट होती. रेनो आपल्या झाडावर चढला आणि कोरडा, उबदार बसून राहिला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. आत्तापर्यंत आर्लनचा घाम गार झाला असेल. आता त्याचे दात वाजत असतील. बसेल हट्टाने, खाली उतरणार नाही. अडीच वाजता त्याने ठरवलं, पुरे झाला धडा. थर्मास तरी नेऊन द्यावा. त्याने धनुष्य दोरीने खाली सोडायला हात घातला, तेवढ्यात देवदारांच्या मागून एक मोठा नर बाहेर आला. आठ फाट्यांची शिंगं. चार वर्षांत एवढं जनावर त्याने पाहिलं नव्हतं. ते तोंड समोर करून उभं राहिलं, बाण मारायला कूस देईना. रेनो थांबला. पाच मिनिटं थांबला, दहा मिनिटं थांबला. पस्तीस मिनिटांनी हरणाने शेपूट उभारली आणि ते आलं तसं झाडीत गेलं. बाण भात्यातच राहिला.

रेनो उतरून त्याच्या मचाणापाशी पोचला तेव्हा आर्लन झाडाखाली पडला होता. बर्फावरच्या खुणांवरून सगळं समजत होतं. थंडी सोसेना म्हणून तो खाली उतरायला निघाला होता, त्यासाठी सुरक्षेचा पट्टा सोडला होता, आणि बधिर बोटांना पायरी धरता आली नव्हती. मांडीचं हाड मोडलं होतं. गाडीच्या दिशेने तो हातभर सरपटला होता, बस.

"आलास?" तो म्हणाला. ओठ हलत नव्हते, शब्द जडावलेले. "मला वाटलं, अजून रुसलायस."

"बोलू नकोस. कधी पडलास?"

"झाला थोडा वेळ. हाक मारली मी. दोन-तीनदा."

रेनोने आपला कोट उतरवला. भावाचा शर्ट काढू लागला तर तो काढता येईना. पाठीवर घामाचा बर्फ झाला होता, कापड पत्र्यासारखं कडक झालं होतं. त्याने ते चाकूने कापून टाकलं. अंगातला स्वतःचा कोरडा सदरा काढून आर्लनला घातला, वरून कोट, टोपी, मोजे. स्वतः एका पातळ शर्टावर उरला. हरीण ओढून न्यायची प्लॅस्टिकची घसरगाडी गाडीत होती. ती आणायला तो धावत गेला, धावत आला. वाटेत दोनदा पडला.

घसरगाडी ओढताना तो सारखा बोलत होता. "झोपू नकोस. आर्लन, मार्लिसला काय सांगू मी? झोपू नकोस रे."

आधी उत्तर येत होतं, मग नुसतं हुंकारणं, मग काही नाही. त्याचं कुडकुडणं थांबलं तेव्हा रेनो आणखी जोरात ओढू लागला. कुडकुडणं थांबणं चांगलं नसतं, हे त्यानेच गावातल्या कितीकांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मार्लिसचा हात हातात घेतला. अंग गरम करता आलं होतं, हृदय पुन्हा चालू करता आलं नव्हतं.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. लोक रेनोचा खांदा दाबत होते. "भावाला अंगावरचे कपडे दिलेस, स्वतः गोठलास. असा भाऊ कुणाला मिळतो!" रेनोच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या दिवशी गोठून गेली होती. लोक हातावरच्या पट्टीकडे आदराने बघत. त्याला ती खिशात लपवावीशी वाटे.

पिशवीबद्दल सहा आठवडे त्याने कुणापाशी ब्र काढला नाही. शेवटी एका शनिवारी तो मार्लिसकडे गेला. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापून पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

"मार्लिस, त्या दिवशी मी त्याची पिशवी मुद्दाम भरली नाही."

तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"अद्दल घडवायची म्हणून. सगळ्यांसमोर हसला होता ना तो. आणि अडीच वाजताच मी उतरणार होतो, पण हरीण आलं. हरणासाठी थांबलो मी. तो हाका मारत होता तिकडे."

मार्लिस उठली. सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. नळ सोडला, बंद केला. रेनोला वाटलं, आता ती चालता हो म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"त्या सकाळी मी कोरडा सदरा काढून ठेवला होता," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "या टेबलावर. तो विसरून गेला. माझं लक्ष गेलं तेव्हा तो अजून अंगणात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. दार उघडून हाक मारायची, एवढंच होतं. पण मी पायांत सपाता घातल्या होत्या, बाहेर गारठा. म्हटलं जाऊ दे, रेनोकडे असतोच."

रेनोने टेबलावरचे हात मागे घेतले.

"मी कुणालाच सांगितलं नाही हे," ती म्हणाली. "तुमच्या आत्याला नाही, पाद्र्यांना नाही."

"तुझा काही दोष नाही, मार्लिस."

"असं नको म्हणू. मग मलाही तुला तसंच म्हणावं लागेल. आणि मला ते म्हणता येणार नाही, रेनो. निदान अजून नाही."

ती समोर येऊन बसली. दोघांची कॉफी गार झाली होती, ती त्यांनी तशीच प्यायली.

रेनोने पुन्हा शिकार केली नाही. नव्या शिकाऱ्यांच्या वर्गात बोलायला या म्हणून लोक दोनदा सांगून गेले, तो गेला नाही. मार्लिसकडे मात्र तो दर शनिवारी जात राहिला. कधी ती बोले, कधी तासभर खिडकीबाहेर बघत बसे. पहिल्यासारखं हसणं काही परत आलं नाही.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर तीच म्हणाली, "ते मचाण काढून टाकू या. मला ते तिथे आहे हे माहीत असणं सहन होत नाही."

दोघे गेले. काळ्या माशा घोंघावत होत्या, ओढा दुथडी भरून वाहत होता. मार्लिसने शिडी धरली, रेनो वर चढला. तीन बोटांच्या हाताने एकेक खिळा, एकेक साखळी सोडवायला दुपार गेली. शेवटचा पट्टा काही निघेना. अकरा वर्षांत झाडाची साल त्याच्यावरून वाढली होती, पट्टा खोडाच्या आत गेला होता. रेनोने सुरी घातली, ओढलं, पुन्हा ओढलं. त्याला हुंदका आला आणि तो शिडीवरच कपाळ खोडाला टेकून उभा राहिला.

"राहू दे तो," खालून मार्लिस म्हणाली. "खाली ये. सावकाश उतर. मी धरलीय शिडी."